बंद गळ्याचे चार ड्रेस

"अकिगे हेळब्याड."

शांतक्कांच्या शिवणाच्या खोलीत मी पडद्यामागे उभी राहून कुर्ता डोक्यातून काढत होते, तेव्हा आईचा हा आवाज आला. माझं कानडी कच्चं आहे. आई-अप्पा अक्कलकोटकडचे, आपसात कानडी बोलतात, माझ्याशी मराठी, आणि माझी शाळा सगळी इंग्रजीत झाली. पण एवढं कानडी मला कळतं. तिला सांगू नकोस. आमच्या घरात हे वाक्य कुणी वारलं की येतं, कुणाचं ऑपरेशन ठरलं की येतं, आणि क्वचित कधी वाढदिवसाला.

मी हात वर तसेच ठेवून थांबले. मशीन थांबलं होतं. शांतक्कांनी हळूच काहीतरी विचारलं, आई त्याहून हळू काहीतरी बोलली. मग एकदम मराठीत, मला ऐकू जावं अशा बेताने म्हणाली, "आणि गळे सगळे बंदच ठेव हं. उभी कॉलर. आता तीच फॅशन आहे."

फॅशन हा शब्द आईच्या तोंडून मी त्याआधी ऐकला नव्हता.

एप्रिल चालू होता. रस्त्यावरचं डांबर चपलेला धरत होतं. सोलापुरात या दिवसांत बायका गाऊनसुद्धा बिनबाह्यांचे शोधतात. आम्ही बंद गळ्याचे चार ड्रेस शिवायला टाकून घरी आलो.

*

मला मानेच्या गाठीचा टीबी झाला होता. औषधं पुरी झाली, आता मी बरी आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण आजारी असताना मी लोकांचे असे अनुभव वाचायचे तेव्हा पहिल्यांदा शेवटचं पान उघडायचे, बाई जिवंत आहे ना ते बघायला. आणखी एक सांगते. माझी छाती स्वच्छ होती. नुसत्या गाठीचा टीबी शेजारी बसून, एका ताटात जेवून कुणाला होत नाही. डॉक्टरांनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. घरात त्याचा फारसा उपयोग झाला नाही.

गाठ वेणी घालताना हाताला लागली. डाव्या कानाखाली, चिंचोक्याएवढी. दुखत नव्हती, म्हणूनच मला तिचा संशय आला. दुखणाऱ्या गोष्टीचा हेतू तरी कळतो. पहिल्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी ती बसली नाही, उलट तिच्या शेजारी दुसरी आली. मग मोठ्या दवाखान्यात सुईने थोडं काढून तपासायला पाठवलं.

रिपोर्टच्या दिवशी डॉक्टरबाईंनी मी कुठे शिकले ते विचारलं आणि पुढचं सगळं इंग्रजीत बोलल्या. मला वाटतं त्यांनी मला मोठं माणूस समजून तसं केलं. पण शेजारी आई होती. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, म्हणून ती त्यांच्याकडे न बघता माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. चेहरा कोरा ठेवणं मला जमतं. त्या दिवशी मी तो इतका कोरा ठेवला की आईने कॅन्सर धरला.

बाहेरच्या बाकावर बसल्यावर मी म्हटलं, "टीबी आहे."

आई म्हणाली, "हळू."

मग ती रडली. कॅन्सर नाही म्हणून रडली असणार. आणि रडता रडताच तिने दोन्ही बाजूंना बघून घेतलं, ओळखीचं कुणी आहे का.

अप्पा खाली दवाखान्याच्या दाराशी थांबले होते. रिक्षा मिळेपर्यंत त्यांनी ठरवून टाकलं होतं. "थायरॉईड म्हणायचं. गळ्याचंच असतं ते पण." अप्पांचं शुक्रवार पेठेत टॉवेल आणि चादरींचं दुकान आहे. "टीबीच्या घरातला टॉवेल कोण घेईल गं?" हे ते चिडून बोलले नाहीत. खरोखर विचारत होते, आणि मलाच विचारत होते. मी रिक्षाच्या बाहेर बघत राहिले. मी गप्प राहिले की आमच्या घरात तो होकार असतो.

*

औषधं सुरू झाली. सकाळी उठल्याबरोबर रिकाम्या पोटी गोळ्या, मग तोंडाला पाणी सुटून मळमळ, मग आईचा पातळ भात. दुसऱ्या दिवशी लघवी भगव्या रंगाची झाली. मी बाथरूमच्या फरशीवर बसून राहिले. मला वाटलं, आतून काहीतरी फाटलंय आणि हे लोक मला सांगत नाहीत. अर्धा दिवस मी कुणाला बोलले नाही. शेवटी आरोग्य केंद्रातल्या ताईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "अहो, गोळीचा रंग असतो तो! तुमच्या आईंना सांगितलं होतं की मी." आईला विचारलं, तर ती म्हणाली, "अप्पा होते ना समोर. कसं सांगणार?"

ज्यांना ही औषधं चालू होतील त्यांनी हे लक्षात ठेवा. रंग बदलतो. घाबरू नका. आणि डॉक्टरांचं बोलणं स्वतः ऐका, घरच्यांकडून ऐकू नका.

त्या दिवसापासून मला सवयच लागली. मी सगळ्यावर नजर ठेवायला लागले. माझा पेला फळीच्या दुसऱ्या टोकाला कसा गेला? फोन आला की आई गॅलरीत का जाते? माझ्या गोळ्या व्हिटॅमिनच्या बाटलीत कुणी भरल्या? आणि आईच्या गळ्यात दोन दोरे का दिसतात? एक तिचा नेहमीचा होता. दुसरा ब्लाउजच्या आत जायचा आणि मी बघितलं की ती पदर ओढून घ्यायची. कुठल्या तरी बाबाकडे जाऊन आली, मी ठरवलं. माझ्यासाठी ताईत आणलाय आणि मी घालणार नाही म्हणून स्वतः घालून बसलीय.

अशातच तिने कपड्यांचं काढलं. आमच्याकडे कपडे दिवाळीला होतात, नाहीतर कुणाच्या लग्नाला. उन्हाळ्यासाठी म्हणून वेगळे कपडे कुणी कधी घेतले नव्हते. माझे जुने सगळे ड्रेस अंगावरून गळत होते हे खरं, पण आई म्हणाली ते असं: "जरा स्वतःकडे बघ गं. नवे सुती कपडे घे. स्वतःसाठी वेळ काढावा माणसाने."

त्याच आठवड्यात ऋतुजाचा व्हॉइस मेसेज आला. ती माझी शाळेतली मैत्रीण, आता पुण्यात नोकरी करते. "ऐक, या समरला तुझा सगळा वॉर्डरोब बदलून टाक. सेल्फ-केअर कर थोडं. आणि हाय नेक बघ ना, सध्या खूप चालतंय." खाली कॉलरवाल्या मुलींचे फोटो. सगळ्या कुठेतरी थंड जागी उभ्या होत्या.

मी तो मेसेज परत ऐकला. आई आणि ऋतुजा, दोघींना एकाच आठवड्यात माझ्या गळ्याची एवढी काळजी? मी लिहिलं, "आईने तुला फोन केला होता का?" बराच वेळ ती टाइप करतेय असं दिसत राहिलं. मग आलं, "काकूंनी सांगितलं होतं तुला कळू द्यायचं नाही. सॉरी यार."

म्हणजे हिलाही तेच वाक्य.

*

ड्रेस आले. कापड चांगलं होतं, हे मला कबूल करायला हवं. मऊ. दोन पांढऱ्यावर निळ्या बुटीचे, एक फिकट पिवळा, एक आमसुली. मी दार लावून पहिला घातला. डाव्या बाजूला, छातीच्या वरच्या अंगाला, आत काहीतरी बोटाला लागलं. छोटा खिसा. आतून शिवलेला, बाहेरून टाकाही दिसत नव्हता. चारही ड्रेसना होता.

माझी खात्रीच पटली. ताईत. आता माझ्या नकळत त्यात काहीतरी सरकवणार. अंगारा असेल, नाहीतर कागदावर लिहिलेलं काही. मला राग आला तो त्याचा नव्हता. गोळ्यांवर विश्वास नसेल तर उद्या ती गोळ्या बंद करायला लावेल, ही भीती होती. मी खिसे रोज तपासायला लागले. रोज रिकामे.

मग एके दिवशी सकाळी मळमळीने लवकर उठले आणि पाणी प्यायला जाताना देवघराच्या दाराशी थांबले. आई पूजेला बसली होती. डावा तळहात पुढे, त्यावर लिंग, उजव्या हाताने पाणी, भस्म. आम्ही लिंगायत, आमच्यात लहानपणीच दीक्षा होते. लिंग चांदीच्या डबीत घालून गळ्यात येतं, आणि ते अंगावरून उतरवायचं नसतं. तिची पूजा झाली, तिने डबी बंद केली. मग ब्लाउजमधून दुसरा दोरा ओढला, दुसरी डबी उघडली, आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं केलं.

दुसरी डबी माझी होती.

सुईच्या तपासणीच्या दिवशी सिस्टर म्हणाल्या होत्या, गळ्यातलं सगळं काढा. मी दोरा काढून आईच्या हातात दिला. घरी आल्यावर तिने परत घालायला दिला, तर तो नेमका गाठीवरून जात होता. "नको मला ते आत्ता," मी म्हटलं होतं. तिने परत विचारलं नाही. ते कुणाच्या तरी अंगावर असायला हवं, म्हणून तिने ते आपल्या गळ्यात घातलं. असं चालतं की नाही मला माहीत नाही. तिनेही कुणाला विचारलं नसणार. आणि दोरा नको असेल तर निदान खिशात ठेवील, असा विचार करून तिने शांतक्कांना खिसे शिवायला सांगितले. मला कसं विचारायचं ते तिचं ठरत नव्हतं, म्हणून मला सांगायचं नव्हतं.

मी आत गेले आणि तिच्यासमोर डावा हात धरला. तिने वर बघितलं. डबी माझ्या हातावर ठेवली. ती तिच्या अंगाने गरम झाली होती.

आजारपणातल्या चांगल्या गोष्टी सांगा म्हटलं तर मी ही सांगेन. पण त्याने सगळं निस्तरलं असं नाही. खिसा माझ्यासाठी होता. कॉलर माझ्यासाठी नव्हती.

*

मे उजाडता उजाडता गाठ मऊ झाली आणि फुटली. असं होतं म्हणे काही जणांना, औषध लागू पडत असतानाही. मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. उशीला डाग दिसला आणि मी परत एकदा धरून चालले की माझ्यापासून काही लपवलंय. डॉक्टरबाई यावेळी मराठीत बोलल्या. मीच तसं सांगितलं होतं, म्हणजे आईकडे हात करून नुसतं "मराठीत" एवढं म्हटलं होतं.

"ड्रेसिंग नियमित करायचं. घाम साचू द्यायचा नाही. गळा मोकळा ठेवायचा," त्या म्हणाल्या. मग माझ्या कॉलरकडे बघून, "हे काय? एवढ्या उन्हात? हे घासून घासून जखम चिघळेल. ती बरी व्हायला वेळ लागेल मग."

"बरं बरं," आई म्हणाली. बाहेर आल्यावर म्हणाली, "घरात मोकळा ठेव. बाहेर कॉलर."

तोडगा निघाला असं आम्हा दोघींना वाटलं. घरात मी वरची बटणं काढून बसायची. दुपारचा एक वेळ मी माझा म्हणून ठेवला होता. खोलीत पंख्याखाली आडवं व्हायचं, पायाला खोबरेल चोळायचं, नखं कापायची, मान उजवीकडे वळवून जखमेला वारा लागू द्यायचा. ऋतुजाच्या त्या सेल्फ-केअरवर माझा विश्वास नव्हता, पण तो वेळ मला आवडायला लागला. अंग आपलं आहे असं तेवढा वेळ वाटायचं.

पण आमचं घर पेठेतलं. बेल वाजत राहते. दूधवाला, वर्गणीवाले, शेजारच्या काकू, दुकानातून कुणीतरी. बेल वाजली की आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "बटण." आणि माझे हात वर जायचे. पुढे पुढे ती म्हणायचीही थांबली, बेल ऐकून हात आपोआप जायला लागले. ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरना हे काही माहीत नव्हतं. त्या फक्त म्हणायच्या, "भरून येत नाहीये अजून. कडेला लाल आहे. काय घासतंय?" मी म्हणायचे, "काही नाही."

मी त्यांच्याशीही खोटं बोलत होते. घरच्यांचं गुपित राखता राखता मी माझीच जखम चिघळवत होते आणि हे मला दिसत होतं. तरी बेल वाजली की बटण.

*

आत्या अशाच एका दुपारी आल्या. अप्पांची थोरली बहीण, लग्नापासून कुर्डुवाडीला असतात, बोलणंही आता तिकडचं मराठीच, त्यांचे यजमान रेल्वेतून रिटायर झाले. मुलाच्या लग्नाची पत्रिका द्यायला आल्या होत्या. अप्पा जेवायला घरी आलेले, हॉलमध्ये खुर्चीत बसले होते. दार उघडंच होतं, उकाड्याने. मी बटणं लावून बाहेर आले.

"अगं बया! केवढी वाळलीस गं!" आत्यांनी माझा दंड धरून बघितला. "थायरॉईडनं मानूस फुगतंय म्हणत्यात की."

"दोन प्रकारचं असतंय वन्सं," आई म्हणाली. "हिचं वाळायचं आहे."

"बघा! हिला बरं वाळायचं घावलं. आमाला मेलं फुगायचंच मिळतंय."

अप्पा हसले. जरा जास्तच हसले.

"आन् ही बटनं काय गळ्यापातूर? शाळेला निघालीस का काय?"

"फॅशन आहे," आई म्हणाली.

"असली फॅशन उन्हाळ्यात? सोलापुरात?" आत्यांनी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझी खात्री आहे, त्यांना तेव्हाच काहीतरी वास आला होता. मला तर त्यांच्या पिशवीचाच संशय आला होता. पत्रिकांची पिशवी त्यांनी दाराशी ठेवली होती, पण दुसरी, कापडी, मांडीवरून खाली ठेवली नव्हती.

त्यातून स्टीलचा डबा निघाला. झाकण काढल्याबरोबर उग्र हिरवा वास खोलीभर झाला.

"आमच्या तितं एक म्हातारा हाय, पाला देतो. गळ्याच्या गाठीला. आमच्या शेजारनीची थायरॉईडची गाठ बसली ह्यानं. पहाटं उठून वाटलाय, गाडीत सगळा वेळ मांडीवर धरून आनला. ये, बस हितं."

"राहू द्या वन्सं," आई म्हणाली. "रात्री लावते मी."

"रातीला मी हाय का हितं? मला संध्याकाळच्या गाडीनं जायचंय. एकदा लावून दावते, मग तू लाव रोज. आग होती जरा. आग झाली म्हंजे लागू पडलं म्हनायचं."

"तिला त्याची अॅलर्जी असली तर?"

"पाल्याची कसली अॅलर्जी? पाला हाय तो." आत्यांनी बोटांवर लेप घेतला. "मल्लू, हात धर रं हिचा जरा. ल्हानपनी बी औषध म्हटलं की पळायची."

आणि अप्पा उठले. खरंच उठले. दोन पावलं आले आणि मध्येच थांबून आईला कानडीत म्हणाले, "एन माडोदु?" काय करायचं? दोघं माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्या चेहऱ्यांवर सगळं वाचत होते, वाचायची सवयच झाली होती. बहिणीचा मान, लग्नघरी होणारी चर्चा, दुकान, आणि त्या सगळ्याच्या शेजारी माझा गळा. एवढा वेळ मला वाटत होतं की ते माझ्यापासून काही लपवतायत. आता कळलं, त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं की ते काय करणार आहेत. मी गप्प राहिले असते तर तो होकार झाला असता, आणि आत्यांनी पहाटे उठून प्रेमाने वाटलेला तो पाला उघड्या जखमेवर लागला असता.

आत्यांची कोरडी बोटं माझ्या वरच्या बटणावर आली. पहिलं बटण निघालं. पट्टीची कड बाहेर आली असावी, कारण त्या थांबल्या. "हे गं काय?"

मी त्यांचं मनगट धरलं. दार उघडं होतं, बाहेर जिन्यात कुणाच्या तरी चपला वाजत होत्या.

"थांबा आत्या," मी म्हटलं. "हे थायरॉईड नाही. मला टीबी आहे. गाठीचा आहे, तुम्हाला होणार नाही, कुणालाच होणार नाही. पुढचं बटण मी काढते, तुम्ही नीट बघा."